टर्बो काढू की राहू देऊ?

प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात बीसीएला शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे पत्र. त्या तासिका तत्त्वावर आहेत, नोकरीचं दुसरंच वर्ष. लॅबमध्ये वीस मशिन, त्यातली चौदा चालू. सगळ्यांवर क्रॅक केलेलं विंडोज आणि त्यात डॉसबॉक्सवर (डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारं टर्बो सी, म्हणजे सी भाषेचा जुना कंपायलर (लिहिलेला कोड मशिनला कळेल असा करणारं साधन). हे सगळं पुसून लिनक्स टाकावं, जीसीसी (सीचा खुला, मोफत कंपायलर) आणि पायथॉनवर शिकवावं, म्हणजे पैसाही लागणार नाही आणि मुलं काहीतरी खरं शिकतील, असं त्यांना वाटतं. विभागप्रमुख सरांचं म्हणणं, "मॅडम, पंधरा वर्षं चाललंय, चालू द्या. बाहेरचे परीक्षक आले की त्यांना टर्बोच लागतं. आणि कंपन्या काही लिनक्स विचारत नाहीत." मॅडमनी दोन तास स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स दाखवलं, तर मुलंच म्हणाली, "शेजारच्या कॉलेजात टर्बो आहे, आम्हालाच हे कशाला?" पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "वर्गातल्या चाळीस जणांपैकी सहा-सात जणांकडेच लॅपटॉप आहे. एक मुलगी मोबाइलवर कोड टाइप करून मला स्क्रीनशॉट पाठवते आणि विचारते, मॅडम, हे चालेल का? सरांशी भांडू, गुपचूप बदल करू, की सगळं सोडून देऊ?"

उत्तर

मॅडम,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मोबाइलवर कोड टाइप करणारी ती मुलगी.

तिचं नेमकं काय अडलंय बघा. तिला लिहिता येतं. पण लिहिलेलं चालतं का, हे कळायला तुमच्या उत्तराची वाट बघावी लागते. तुम्ही रात्री दहाला मेसेज बघता, "चौथ्या ओळीत सेमिकोलन राहिलाय" म्हणता, ती दुरुस्त करून पुन्हा स्क्रीनशॉट पाठवते. कंपायलरचं काम तुम्ही करताय आणि तिच्या वाट्याला आलंय फक्त टायपिंग. लिहायचं, चालवायचं, चुकायचं, कुठे चुकलं ते स्वतः शोधायचं, पुन्हा चालवायचं, याच फेऱ्यांतून प्रोग्रॅमिंग अंगी मुरतं. या फेऱ्या तिला आठवड्यातून दोन प्रॅक्टिकलना मिळतात, त्याही एका मशिनवर दोघी-तिघी बसून.

लॅबमध्ये विंडोज असावं की लिनक्स, असा तुम्ही विचारलेला प्रश्न आहे. मला तो अर्धाच वाटतो. लॅब सुटल्यावर मुलांच्या हातात काय उरतं, हे आधी बघू या. खुल्या सॉफ्टवेअरची खरी ताकद तिथे आहे. ते घरी नेता येतं, कुठल्याही मोडक्या मशिनवर टाकता येतं, मैत्रिणीला देता येतं, उघडून आत काय आहे ते बघता येतं, आणि यातलं काहीही करताना चोरी केल्यासारखं वाटत नाही. हे एकदा धरलं की सरांशी कशावर बोलायचं आणि कशावर नाही, हेही सोपं होईल.

"सगळं पुसून टाकावं" या वाक्यावर मात्र जरा थांबा. मी हे करून बसले आहे, म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका कॉलेजात शिकवत असताना, दिवाळीच्या सुट्टीत दोन हौशी विद्यार्थ्यांना घेऊन मी अख्खी लॅब लिनक्सवर आणली. तीन दिवस आम्ही घरून डबे नेऊन तिथेच जेवलो. सुट्टी संपली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की जर्नलच्या प्रिंट काढायचा प्रिंटर बोलायला तयार नाही. तेही निभलं. पण प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी सवयीनं टर्बोत प्रोग्रॅम चालवायचं कंट्रोल-एफ-नाइन दाबलं आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलाला त्याची स्लिप (परीक्षेत मिळालेला प्रोग्रॅम) तोंडपाठ येत होती, लिंक्ड लिस्टची. घाबरून त्यानं फाइल भलत्याच फोल्डरमध्ये सेव्ह केली आणि पंधरा मिनिटं शोधत राहिला. त्याचे गुण गेले. विचार माझा बरोबर होता. पण तो चुकला तर किंमत कोण मोजणार, हे मी ठरवायला हवं होतं, आणि ते मी त्या मुलावर सोडलं. आजही कुणी म्हणालं की सुट्टीत लॅब बदलतोय, तर मी आधी परीक्षेची तारीख विचारते.

तुमचे सर "चालू द्या" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अशीच एखादी परीक्षा असेल. आणखीही एक शक्यता आहे, कुणी बोलून न दाखवणारी. पंधरा वर्षं त्या निळ्या स्क्रीनवर त्यांनी मुलांना पॉइंटर शिकवले. कुणाचं काहीही अडलं तरी मागे उभं राहून दोन मिनिटांत चूक काढून देणारा माणूस म्हणून लॅबमध्ये त्यांना मान आहे. उद्या टर्मिनल (लिनक्सची कमांड टाइप करायची खिडकी) आलं आणि एखाद्या पोरानं विचारलं, "सर, हे परमिशन डिनाइड का येतंय?" तर? वयाच्या पन्नाशीत मुलांसमोर अडायची भीती खरी असते. त्याला विरोध म्हणू नका. मी तुमच्या जागी असते तर लिनक्सचा विषयच काढला नसता. "सर, माझ्या मशिनवर हा प्रोग्रॅम वेगळं उत्तर देतोय, जरा बघता का?" म्हणून त्यांना बोलावलं असतं.

आणि दाखवायला तसा प्रोग्रॅम आहे. फॅक्टोरियलचा, तुमच्या जर्नलमध्ये तिसरा-चौथा असेलच. इंट, म्हणजे सीमधला पूर्णांकाचा साधा प्रकार, वापरून लिहिलेला. टर्बोमध्ये ७ दिला की ५०४० येतं, बरोबर. ८ द्या. यायला हवं ४०,३२० आणि येतं उणे २५,२१६. कारण टर्बोचा इंट १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे त्यात मावत नाही. तोच प्रोग्रॅम जीसीसीवर चालवा. तिथे इंट ३२ बिटांचा, १२ पर्यंत सगळं व्यवस्थित. आता १३ द्या. १,९३,२०,५३,५०४ असा आकडा येईल. नीटनेटका, धन, खरा वाटणारा आणि साफ चूक. खरं उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००. मग तेच पायथॉनमध्ये करा. तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, ५० चा फॅक्टोरियलसुद्धा सरळ येतो.

या एका प्रोग्रॅमवर अख्खा तास जाऊ द्या. टर्बोतली चूक उणे चिन्हामुळे पटकन दिसते, जीसीसीतली लपून बसते. म्हणजे नवं साधन आलं म्हणून मुलांचं डोकं वापरणं थांबत नाही, हेही त्यांना कळेल. उणे २५,२१६ का येतं, हे तुमच्या सरांइतकं सोप्या भाषेत तुम्हालाही सांगता येणार नाही, कारण ते त्या १६ बिटांसोबत वाढले आहेत. तो तास त्यांनाच घेऊ द्या.

तुमचा दुसरा मुद्दा, "पैसा लागणार नाही". खरा असला तरी सरांपुढे तो टिकणार नाही. कारण टर्बोलाही कॉलेजनं कधी पैसे मोजलेले नसणार. पेन ड्राइव्हवर आलं, पेन ड्राइव्हवर गेलं. "हेही फुकटच आहे की" म्हटलं तर तुम्ही काय सांगणार? त्यापेक्षा ही गोष्ट सांगा. बोर्लंडनं टर्बो सी आणलं १९८७ मध्ये. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसीची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली तीही १९८७ मध्येच. दोघं एका वयाचे. त्या काळात टर्बो फार सुंदर साधन होतं. लिहायची आणि चालवायची जागा एकच, आणि वेग असा की लोक चकित व्हायचे. पण त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कंपनीच्या कपाटात राहिला. कंपनीनं लक्ष काढलं आणि ते जिथल्या तिथे थांबलं. जीसीसीचा सोर्स सगळ्यांपुढे होता, म्हणून एकानं सोडलं तरी दुसऱ्यानं उचललं, आणि आजही त्याची दर वर्षी नवी आवृत्ती येते. तुमच्या लॅबमधलं टर्बो चालवायला आधी डॉसबॉक्स लावावं लागतं. तो डॉसबॉक्सही ओपन सोर्सच आहे, हेही सरांना सांगा. त्याच्या आधारानं टर्बो आज उभं आहे.

बाकी क्रॅक केलेल्या विंडोजबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. परीक्षेत कॉपी केली म्हणून आपण मुलांना बाहेर काढतो आणि त्याच खोलीतल्या चौदा मशिनवर चोरलेलं सॉफ्टवेअर असतं. मुलं हे बघत असतात. हा मुद्दा सरांवर ढकलू नका, कारण खरेदी त्यांच्या हातात नाही. तो प्राचार्यांपुढे, योग्य वेळी, लेखी न्यायचा. सोबत आधारही जोडा. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये आपल्या कामकाजासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं, जिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, डेबियन या लिनक्सवर आधारलेलं बॉस लिनक्स तयार केलं. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. "आमच्या मॅडमना काहीतरी खूळ लागलंय" असं मग कुणाला म्हणता येणार नाही.

आता करायचं काय, ते बघू.

पहिलं पाऊल मशिनला हात न लावता टाकता येतं. टर्बो आणि जीसीसी दोन्हीकडे चालेल असाच सीचा प्रोग्रॅम लिहायची सवय मुलांना या आठवड्यापासून लावा. व्हॉइड मेनच्या ऐवजी इंट मेन, शेवटी रिटर्न झीरो. कोनिओची हेडर फाइल (टर्बोची स्क्रीन-कीबोर्डची खास फंक्शनं देणारी) नको. सुरुवातीचा क्लिअर स्क्रीन आणि शेवटचा गेट-सीएच काढून टाका. टर्बोत आउटपुट बघायला ऑल्ट-एफ-फाइव्ह आहेच. व्हेरिएबल सगळी ब्लॉकच्या सुरुवातीला जाहीर करा, नाहीतर टर्बो अडेल. आणि गेट्स हे फंक्शन तर आजच सोडा. ते किती अक्षरं घ्यायची हे बघतच नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म या नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमनं हजारो मशिन बेजार केली तेव्हा आत शिरायची एक वाट याच फंक्शननं उघडी ठेवलेली होती. सी भाषेच्या २०११ च्या मानकातून ते काढूनच टाकलं. आपल्या जर्नलमध्ये अजून आहे.

एवढ्यानं परीक्षक खूश, सर खूश, आणि मुलांचे हात नकळत प्रमाण सी लिहायला लागतात. सी प्लस प्लसला मात्र ही युक्ती चालत नाही. टर्बोची आयओस्ट्रीम डॉट एच आणि १९९८ च्या मानकानंतरची सी प्लस प्लस यांचं जमत नाही. टर्बोला नेमस्पेस स्टँडर्ड माहीतच नाही. त्या विषयाला टर्बो सोडावंच लागेल. आग्रह धरायचा असेल तर तिथेच धरा.

दुसरं पाऊल विंडोजवर राहूनच. कोडब्लॉक्स हे कोड लिहायचं आणि चालवायचं साधन ओपन सोर्स आहे, जीसीसीसकटच मिळतं आणि जुन्या मशिनवरही चालतं. चौदापैकी चार मशिनवर टाका, टर्बोचं आयकॉन शेजारी तसंच राहू द्या. विंडोजवर गेट-सीएच चालून जाईल, क्लिअर स्क्रीनला मात्र एरर येईल. ती एरर मुलांना येऊ द्या, वाचू द्या. "हे फंक्शन मला माहीत नाही" असं कंपायलर म्हणतोय, म्हणजे ते सी भाषेचं नव्हतंच, एका कंपनीच्या कंपायलरचं होतं, हे तिथल्या तिथे कळतं. भाषा वेगळी आणि साधन वेगळं, हा फरक फळ्यावर लिहून उमगत नाही.

लिनक्स तिसऱ्या पावलाला. बंद पडलेली जी सहा मशिन आहेत, त्यांच्यापासून. हार्ड डिस्क किंवा विंडोज खराब झालं म्हणून बरीच मशिन कोपऱ्यात पडलेली असतात. त्यातल्या दोन-तीन मशिनवर पेन ड्राइव्हवरून लुबंटू किंवा एक्सएफसीईवालं डेबियन, अशी हलकी लिनक्स चढवून बघा, दोन जीबी रॅमवरही कामापुरतं चालतं. भंगारात निघालेलं मशिन उठून उभं राहिलं तर कुणाची तक्रार नसते आणि लॅबमध्ये एक मशिन वाढतं. पेन ड्राइव्हमधून येणारे विंडोजचे व्हायरस त्यावर चालत नाहीत, हे लॅब असिस्टंटच्या लक्षात आलं की तुमचा पहिला पाठीराखा तोच होईल.

परीक्षेचं म्हणाल तर अभ्यासक्रमाची छापील प्रत काढून स्वतः वाचा. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांत "सी प्रोग्रॅमिंग" असतं, कंपायलरचं नाव नसतं. टर्बो लागतं हा नियम कुणी केलेला नाही, ती रीत पडली आहे. तुमच्याकडेही तसंच असेल तर त्या पानाची झेरॉक्स सरांना द्या. परीक्षकांची नेमणूक झाली की सरांनीच फोन करावा, "आमच्याकडे दोन्ही आहे, मुलं निवडतील." आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे कौशल्यविकासाचे जे दोन-दोन क्रेडिटचे विषय आलेत, त्यातला एखादा तुमच्या वाट्याला येतोय का बघा. तिथे स्लिपांचा जुना साचा अजून घट्ट बसलेला नाही. पायथॉन आणि लिनक्सची सुरुवात तिथून केली तर सीच्या पेपरशी कुस्ती खेळावी लागणार नाही.

आता ती मुलगी. तिच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर तिच्या खिशात लिनक्सचा गाभा आधीपासूनच आहे. अँड्रॉइड त्यावरच उभं आहे. टर्मक्स नावाचं ओपन सोर्स ॲप एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या भांडारातून घ्यायला सांगा. त्यात पायथॉन येतं आणि क्लँग हा सीचा कंपायलर येतो. एकदा कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेतलं की पुढे नेट लागत नाही, गावात रेंज नसली तरी प्रोग्रॅम चालतो. एक साधी ओटीजी पिन (फोनला यूएसबी वस्तू जोडणारी) आणि लॅबमधला जुना यूएसबी कीबोर्ड जोडला की अंगठ्यानं टाइप करायचा त्रासही जातो. स्क्रीन लहान, डोळे दुखतात, लांब प्रोग्रॅम बघायला अडचण होते. फोनला लॅपटॉपची सर नाही आणि तिला तसं सांगूही नका. पण लिहिलं, चालवलं, चुकलं, सुधारलं, ही फेरी रात्री दहाला तिची ती करू शकेल. पहिल्या दिवशी तिच्याशेजारी बसून सगळं लावून द्या. नंतर तिलाच वर्गातल्या इतर तिघी-चौघींना लावून द्यायला सांगा. दुसऱ्याचं मशिन लावून देताना माणूस जितका शिकतो तितका तासाला बसून शिकत नाही.

"आम्हालाच हे कशाला" म्हणणाऱ्या मुलांवर रागावू नका. त्यांना वेगळं पडायची भीती वाटते. शेजारच्या कॉलेजात आहे ते आपल्याकडे नाही, म्हणजे आपलं काहीतरी कमी, असा त्याचा अर्थ ते लावतात. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर भाषणानं देऊ नका. नोकरीसाठीच्या ऑनलाइन कोडिंग चाचण्यांचे सराव-प्रश्न मोफत मिळतात. तिथे त्यांचा टर्बोतला पाठ प्रोग्रॅम जसाच्या तसा टाकायला लावा. तिथल्या कंपायलरला कोनिओ सापडत नाही आणि पहिल्याच ओळीला गाडं अडतं. कंपन्या लिनक्स विचारत नाहीत हे सरांचं म्हणणं मुलाखतीपुरतं खरं असेलही. पण मुलाखतीआधीच्या चाळणीत मुलांचा कोड तपासतं ते बहुधा जीसीसीच. आणि नोकरी लागल्यावर ज्या सर्व्हरवर काम करायचं, त्यातले कितीतरी लिनक्सवर चालतात. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत एकही लिनक्सशिवायचा नाही.

इंग्रजीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण तालुक्याच्या कॉलेजात तो अडसर असणारच, म्हणून बोलते. एरर आली की मुलं ती वाचतच नाहीत, थेट तुमच्याकडे बघतात. कारण ती इंग्रजीत असते, आणि इंग्रजी म्हणजे आपल्याला न समजणारी गोष्ट असं मनात घट्ट बसलेलं असतं. खरं तर एररचं इंग्रजी वीस-पंचवीस वाक्यांचंच आहे, तीच तीच फिरून येतात. वर्गाची एक चुकांची वही करा. ज्याला नवी एरर येईल त्यानं ती वहीत उतरवायची, खाली मराठीत अर्थ, खाली उपाय आणि आपलं नाव. दिवाळीपर्यंत ती वही कुठल्याही गाइडपेक्षा कामाची होईल. शिवाय आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभे केलेले स्पोकन ट्युटोरियल मराठी आवाजातही आहेत. सी, पायथॉन, लिनक्स, लेटेक, प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा. एका खिडकीत बघायचं, दुसऱ्या खिडकीत तसंच करून बघायचं, अशी त्यांची पद्धत आहे. नेट नसलेल्या लॅबसाठी उतरवून ठेवता येतात. तिथलाच फॉसी प्रकल्प शिक्षणात खुलं सॉफ्टवेअर आणण्यासाठीच आहे. तुमच्यासारख्या एकट्या पडलेल्या शिक्षकानं त्यांच्याशी जरूर संपर्क करावा.

आणि पायथॉनच्या पहिल्या तासाला मराठी वापरा. मी वापरते. मुलांना "मराठी" हा शब्द देवनागरीत टाइप करायला लावायचा आणि पायथॉनला त्याची लांबी विचारायची. वर्ग आधीच ओरडतो, "तीन!" उत्तर येतं पाच. म, र, काना, ठ, वेलांटी. मग तोच शब्द उलटा करून छापायचा. वेलांटी आधी येते, तिच्यापाशी एक ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, कारण तिला बसायला अक्षरच नाही. एकदा एक मुलगा फळ्यापाशी आला आणि बाराखडी लिहून मला विचारू लागला, मग "क्षमा" मध्ये किती? आम्ही मोजले: क, हलन्त, ष, म, काना, पुन्हा पाच. त्या दिवशी युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) शिकवायचं माझ्या मनात नव्हतं. पण तासाची घंटा झाली तरी कुणी उठेना. मग मराठी आकड्यांत ४५ ही स्ट्रिंग इंटला देऊन बघा, पायथॉन ती निमूटपणे पंचेचाळीस म्हणून स्वीकारतो. ज्या मुलांना वाटतं की हे सगळं परक्यांचं आहे, त्यांना हा अनुभव फार मोलाचा असतो.

"खुलं" म्हणजे काय हेही असंच हातानं दाखवा. पायथॉनमध्ये धिस नावाचं मॉड्यूल इंपोर्ट केलं की पायथॉनची तत्त्वं सांगणारा मजकूर छापून येतो. मग मुलांना म्हणा, आता ती फाइल शोधून उघडा. आत तो मजकूर नाहीच. आहे ती अक्षरांची अगम्य खिचडी आणि खाली चार-पाच ओळींचा कोड, प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून मूळ मजकूर परत आणणारा. बीसीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला तो वाचता येतो, बदलता येतो, मोडता येतो. रोज वापरायची वस्तू उघडून बघितली आणि आतलं समजलं, हा अनुभव बंद सॉफ्टवेअर कधीच देऊ शकत नाही.

एका बाबतीत मात्र घाई करू नका. ओपन सोर्स म्हटलं की हल्ली लगेच "काँट्रिब्यूशन करा, रेझ्युमेला चांगलं दिसतं" असा सल्ला मिळतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावायचा ऑक्टोबरातला ऑनलाइन उपक्रम) टी-शर्टच्या आशेनं जगभरातून, आपल्याकडूनही, शेकडो प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला, आणि हौसेनं ते प्रकल्प सांभाळणारी माणसं हैराण झाली. आपल्या मुलांनी त्या रांगेत उभं राहायला नको. आधी दुसऱ्याचा कोड वाचणं, मग त्यातली खरी चूक सापडली तर नीट शब्दांत कळवणं. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्सच्या मराठी अनुवादात एखादा शब्द खटकला तर तो सुचवणं, हे काम तुमची मुलं शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा चांगलं करतील. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वगैरे तिसऱ्या वर्षाला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. भांडू, गुपचूप करू, की सोडून देऊ? भांडू नका, कारण तुम्ही तासिका तत्त्वावर आहात आणि पुढच्या जूनमध्ये तुमची ऑर्डर निघायला हवी. तुम्ही गेलात तर त्या मुलीला रात्री उत्तर देणारं कुणी उरणार नाही. गुपचूपही नको, लॅबमध्ये काहीही बिघडलं की आधी तुमच्याकडे बोट जाईल. सरांना सांगून, सरांच्या सहीनं, आणि शक्यतो सरांच्या नावानं करा. "विभागाचा उपक्रम" म्हणून फलकावर त्यांचं नाव वर लागलं तर लागू द्या. मला माहीत आहे, मेहनत तुमची आणि नाव दुसऱ्याचं, हे गिळणं सोपं नाही. तरीही मी हाच सल्ला देईन. आणि एवढं करूनही सर "नाही" म्हणाले तर दोन्हीकडे चालणारे प्रोग्रॅम, चुकांची वही आणि फोनवरचं टर्मक्स, या तिन्हींना कुणाची परवानगी लागत नाही.

सोमवारी प्रॅक्टिकलला जाल तेव्हा एक ओटीजी पिन सोबत न्या आणि लॅब असिस्टंटकडून एखादा जुना कीबोर्ड मागून घ्या. त्या मुलीला तिचा शेवटचा स्क्रीनशॉट उघडायला सांगा आणि तोच प्रोग्रॅम तिच्या फोनवर तिलाच चालवू द्या. काय झालं ते मला कळवा. आणि १३ चा फॅक्टोरियल बघून सर काय म्हणाले, तेही.